गंज झाकायचा नसतो

गावाच्या कडेला, गॅरेजच्या मागे किंवा एखाद्या शेताच्या बांधावर उभा असलेला जुना ट्रक आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. चाकं जमिनीत रुतलेली, दार एका बिजागरीवर लोंबकळणारं, केबिनमधून बाभळीचं झुडूप वर आलेलं. असा ट्रक पाहून बहुतेकांच्या मनात दोनच विचार येतात. एक व्यवहाराचा : भंगारवाल्याला बोलवावं आणि किलोच्या भावानं देऊन टाकावा. दुसरा हौसेचा : घासूनपुसून वरून झकास रंग द्यावा, की झाला नवा. मला आज या दोन्हींच्या मधला मार्ग सांगायचा आहे. तो वेळखाऊ आहे, पण घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गावात मिळणाऱ्या हत्यारांनी जमण्यासारखा आहे.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवत असे. निवृत्तीनंतर हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा या आमच्या गावी येऊन राहिलो. हा टापू ऊस आणि केळीचा. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, १९७१ साली नांदेडच्या एका वाहतूकदाराकडून जुना टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक विकत घेतला होता. बाहत्तरच्या दुष्काळात या गाडीनं मिलो ज्वारीची पोती वाहिली. पुढे कापूस, ऊस, केळी आणि रासायनिक खत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती बंद पडली आणि आखाड्यावर उभी राहिली ती कायमचीच. आबा गेले, वाटण्या झाल्या. चुलतभावांचं म्हणणं पडलं, भंगारात घाला. त्यांचं काही चूक नव्हतं. जागा अडत होती. मी म्हणालो, "भंगाराचा जो भाव येईल तो मी देतो, गाडी मला द्या." सगळे हसले, पण गाडी मिळाली.

या गाडीत एवढं काय आहे, असं कोणी विचारील. आपल्या देशात मोटारउद्योग उभा राहिला त्या पहिल्या टप्प्याची ती खूण आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्को कंपनीनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला. तोवरच्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे, नंतर तिथे टाटांचं 'टी' आलं. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून डॉज आणि फार्गो गाड्यांची जुळणी होत होती. गावोगावचा शेतमाल बाजारापर्यंत नेला तो अशा गाड्यांनी. रेल्वे जिथे पोचली नाही, तिथे ट्रक पोचला.

आता मुख्य विषयाकडे येतो. गंज म्हणजे काय?

लोखंड खाणीतून निघतं ते बहुतेक वेळा प्राणवायूशी जखडलेलं, म्हणजे ऑक्साइडच्या रूपात. भट्टीत कोळसा जाळून आपण तो प्राणवायू सोडवून घेतो. लोखंडाला मात्र मूळ अवस्थेत परत जायची ओढ असते. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात : हवेतला प्राणवायू आणि पाणी. पत्र्यावर पाण्याचा एक थेंब पडला, तर त्या थेंबाखाली एक बारीकशी बॅटरीच तयार होते. मध्यभागी लोखंड विरघळू लागतं, कडेला प्राणवायू कामाला लागतो आणि त्या दोघांतून लालसर भुकटी बनते. पाण्यात क्षार असले, तर वीज वाहायला आणखी सोपं जातं आणि गंज झपाट्यानं वाढतो. समुद्रकाठच्या गाड्या लवकर सडतात त्या यामुळे.

मग मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात ट्रक एवढा का सडावा? याचं उत्तर मला गाडीच्या पोटाखाली सापडलं. चेसिसच्या खोबणीत काळी माती ठासून भरलेली होती. ही माती पाणी धरून ठेवते. पिकाला तो गुण, लोखंडाला तोच दोष. पाऊस थांबून महिना झाला तरी आतली माती ओलसरच. वर या गाडीनं पोटॅशच्या गोण्या वाहिलेल्या. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत फळ्यांच्या फटीतून खाली उतरलं, मातीत मिसळलं आणि वर्षानुवर्षं आपलं काम करत राहिलं. उघड्यावरचा, वाऱ्याउन्हातला पत्रा वरून लाल झाला होता, पण जाडी शाबूत होती. झाकलेल्या जागी मात्र लोखंड पापुद्र्यासारखं सुटत होतं. पहिला धडा हा : गंज दिसतो तिथे कमी असतो, दिसत नाही तिथे जास्त.

गंजाची आणखी एक खोड लक्षात ठेवायला हवी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, दुपटीहून अधिक, काही वेळा सहापटीपर्यंत. रिव्हेट मारून जोडलेल्या दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये गंज शिरला, की तो फुगतो आणि पट्ट्यांना पाचर मारल्यासारखं दूर ढकलतो. त्या जोरानं रिव्हेटची डोकी उडतात. जोडाची रेषा सरळ न दिसता लाटेसारखी दिसली, की आत काय चाललं आहे ते समजावं.

म्हणून पहिलं काम ग्राइंडर हातात घेण्याचं नाही, तपासणीचं. बाजारात मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. तसा लहान हातोडीनं सगळा सांगाडा वाजवायचा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. सडलेलं बद्द आवाज देतं. शंका आली तिथे टोकदार सळई दाबून पाहायची. मी खडूच्या तीन रंगांच्या खुणा केल्या. पांढरी म्हणजे वरवरचा गंज, साफ करून चालेल. पिवळी म्हणजे पत्रा पातळ झाला आहे, विचार करावा लागेल. लाल म्हणजे कापून काढायचं. हे करायला आठ दिवस लागले. त्यानंतर प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी फोटो काढायचा, नट-बोल्ट बरण्यांत भरायचे आणि बरणीवर चिठ्ठी लावायची. दोन वर्षांनी गाडी जोडताना स्मरणशक्ती कामाला येत नाही, चिठ्ठी येते.

गंजलेले बोल्ट सोडवणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती मला वर्गात शिकवता आली नसती इतक्या चांगल्या रीतीनं नांदेडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी शिकवली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी लांब पाना लावून जोर करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, याच्याशी भांडू नका. याला तेल पाजा आन् झोपू द्या." डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ बोल्टच्या मुळाशी थेंब थेंब सोडायचं. चार-पाच दिवसांनी हलकेच ठोके द्यायचे. तरी ऐकत नसेल, तर वरचं तेल पुसून, जवळ डिझेलचं भांडं नाही याची खात्री करून गॅसच्या ज्योतीनं नट तापवायचा. तापला की तो प्रसरण पावतो, थंड होताना आकसतो आणि या ओढाताणीत मधल्या गंजाला तडे जातात. त्या तड्यांतून तेल आत शिरतं. एकदम सोडवायचा नाही. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे.

इंजिनाचंही तसंच. सहा सिलिंडरचं हे डिझेल इंजिन जाम झालेलं होतं. अशा वेळी स्टार्टर लावून किंवा गाडी ओढून ते फिरवण्याचा मोह होतो. तसं केलं की पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. आम्ही इंजेक्टर काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि तीन आठवडे वाट पाहिली. मग फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी अडकवून एकेक दाता पुढे-मागे. ज्या दिवशी ते पूर्ण फेरा फिरलं, त्या दिवशी शेडमध्ये जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. इंजिन हललं म्हणजे चालू झालं असं नव्हे. ते उतरवून, उघडून, रिंगा आणि बेअरिंग बदलूनच पुढे गेलो.

इथे धोक्याच्या दोन गोष्टी सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डिझेल इंजिनाच्या पंपातली इंधन कमी-जास्त करणारी दांडी अडकलेली असू शकते. तसं असेल, तर इंजिन सुरू होताच त्याचा वेग वाढतच जातो आणि किल्लीनं ते बंद होत नाही. म्हणून पंप तपासून घ्यायचा आणि पहिल्यांदा सुरू करताना हवा आत जाते त्या तोंडावर दाबून धरायला एक जाड लाकडी फळी घेऊन माणूस उभा करायचा. हवा तोडली की इंजिन थांबतं. तिथे हात किंवा कापड लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. दुसरी गोष्ट डिझेलच्या टाकीची. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. अशा टाकीला वेल्डिंग लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. टाकी गळत असेल तर ती बदलावी किंवा हे काम नेहमी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

आता गंज काढायच्या पद्धती. मोठ्या भागांसाठी ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश आणि जुनी छन्नी पुरते. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. जुन्या रंगांत शिसं असतं. तो रंग कोरडा घासला की शिसं धुळीतून पोटात जातं, आणि लहान मुलांना ते फार बाधतं. म्हणून रंग पाणी मारून ओला घासावा आणि त्या वेळी पोरांना शेडमध्ये येऊ देऊ नये. वाळूचा मारा करून गंज काढतात, पण कोरड्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस हा कधीही बरा न होणारा आजार होतो. घरच्या शेडमध्ये तो प्रकार करूच नये.

लहान भागांसाठी एक सोपी पद्धत आहे. प्लास्टिकच्या पिंपात पाणी घ्यायचं. चार-पाच लिटरला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा टाकायचा. मीठ टाकायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न लागतील असे पाण्यात सोडायचे. चार्जर सुरू केला की बुडबुडे येऊ लागतात. रात्रभरात गंज सैल होऊन काळी साय धरते, ती ब्रशनं निघते. चांगलं लोखंड मात्र झिजत नाही. बुडबुड्यांमधून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून पिंप उघड्यावर ठेवावं, विडी-काडी लांब ठेवावी. टाकाऊ तुकडा म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

उसाची मळी पाण्यात मिसळून तिच्यात लोखंडाचे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचे, ही पद्धत परदेशातल्या हौशी मंडळींत फार चालते. मळीतली द्रव्यं गंजाला धरून लोखंडापासून सोडवतात. आम्ही राहतो उसाच्या मुलखात. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्यानं ती बादलीभर उचलून आणण्यासारखी वस्तू नाही. म्हणून मी सोड्यावरच भागवलं.

काही फटी अशा असतात, की तिथला गंज पूर्ण निघतच नाही. तिथे तो बदलून टाकता येतो. फॉस्फरिक आम्ल लावलं की गंजाचं लोह-फॉस्फेट बनतं आणि ते पृष्ठभागाला चिकटून राहतं. दिल्लीच्या महरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याचं एक कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून असाच संरक्षक थर तयार झाला आहे, असं संशोधकांनी दाखवलं. दुसरी वस्तू टॅनिन. बाजारात गंज बदलणारं म्हणून जे द्रावण मिळतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत हे असतं. ते लावलं की लाल गंज निळसर काळा होतो. टॅनिन बाभळीच्या सालीत असतं, हिरड्यात असतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग करायची जुनी रीत आहे, तिचं रसायन हेच. पण ही औषधं पातळ गंजावरच चालतात. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ती लावणं म्हणजे पुन्हा झाकणंच झालं.

पाटे आणि मोठा ताण सोसणारे बोल्ट मात्र आम्लात किंवा विजेच्या पिंपात घालू नयेत. कठीण पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि पुढे वजन पडल्यावर अचानक तुटतं. पाटे ब्रशनं साफ करावेत, भिंग लावून बारीक चीर आहे का पाहावं, आणि असेल तर पाटा बदलावा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चेसिसची. ट्रकचं चेसिस शिडीसारखं असतं. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या. दांड्याचा आकार इंग्रजी 'सी'सारखा. खड्ड्यात एक चाक गेलं की ही शिडी थोडी पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. तिनं तसं पिळलं जावं अशीच तिची रचना असते. म्हणून ती रिव्हेटनं जोडलेली असते. गावाकडे चेसिसला चीर पडली की वरून एक पट्टी ठेवून वेल्डिंग करून टाकतात. वरून भक्कम दिसतं. पण दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडांवर ताण सर्वांत जास्त असतो. नेमकं तिथेच वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाचा गुण बदलतो आणि नवी चीर वेल्डिंगच्या कडेनंच सुरू होते. त्या कडांना भोकही पाडू नये. आमच्या गाडीची मागून दुसरी पायरी आणि तिच्या जोडपट्ट्या लाल खुणेच्या होत्या. जुने रिव्हेट कापून ती काढली, नवी बनवून घेतली आणि भोकात घट्ट बसणारे उच्च ताणाचे बोल्ट लावून बसवली. या एका कामाला दीड महिना गेला. बाहेरून ते कोणाला दिसतही नाही.

ब्रेकच्या बाबतीत जुनं ते सोनं हा नियम अजिबात चालत नाही. नळ्या, रबरी वॉशर, होज पाइप सगळं नवं घ्यावं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे नळ्या आतून सडतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर हवेचा फवारा मारून धूळ उडवायची सवय आपल्या गॅरेजांत आहे, ती घातक आहे. धूळ ओली करून कापडानं पुसावी.

केबिनकडे वळलो तेव्हा एक वेगळीच गोष्ट समोर आली. त्या काळी बरेच ट्रक कारखान्यातून पूर्ण होऊन येत नसत. चेसिस, इंजिन, बॉनेट आणि पुढचा थोडा भाग एवढंच येई. त्यावर केबिन आणि माल ठेवायची बॉडी गावोगावचे बॉडीवाले बांधत. सुतार सागाचा किंवा बाभळीचा सांगाडा उभा करी, त्यावर पत्रा ठोकला जाई, लोहार फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या घडवी, पेंटर नक्षी काढी. आबांच्या गाडीची बॉडी नांदेडला बांधलेली होती, असं ते सांगत. केबिनचा पत्रा आतून सडला होता तोही लाकडामुळे. लाकडानं पाणी धरलं आणि खिळ्यांच्या ओळीनं पत्रा गेला. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं आणि रंगानं बुजली होती. दारं खालून सडतात ती बहुधा यामुळेच. आपल्या आजच्या गाड्यांनाही अशी भोकं असतात. पावसाळ्याआधी ती काडीनं मोकळी केली, तर गाडीचं आयुष्य वाढतं. फुकटचा उपाय आहे.

सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून गुळगुळीत करून देणारे कारागीर खूप आहेत. लांबी ओल धरते आणि आत गंज वाढतच राहतो. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. आम्ही चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापला, त्याच मापाचा नवा तुकडा कडेला कडा लावून बसवला आणि सलग वेल्डिंग न करता थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घेतले. सलग केलं की पत्रा तापून वाकतो. आणि साफ केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर. दमट हवेत उघडं लोखंड काही तासांत पुन्हा लाल होतं. म्हणून हे सगळं काम दिवाळी ते मे महिन्यात केलं, असे दोन हंगाम लागले.

जुना रंग घासताना खाली एकावर एक थर निघत गेले. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली तांबडा. तांबड्यावर फाळक्याच्या वरच्या बाजूला पेंटरनं काढलेली कमळाची वेल होती. मग प्रश्न पडला, या गाडीचं मूळ रूप कोणतं? कारखान्यातून निघालं ते? तेव्हा तर तिला केबिनही नव्हती. माझं मत असं झालं, की नांदेडच्या त्या सुताराचं, लोहाराचं आणि पेंटरचं काम हे या गाडीचं जमशेदपूरइतकंच मूळ रूप आहे. म्हणून लाकूड जिथे टिकलं होतं तिथे तेच ठेवलं. वेलीचा तुकडा घासला नाही, त्यावर पारदर्शक लेप दिला. नवा भाग नवा आहे हे बारकाईनं पाहणाऱ्याला कळावं, म्हणून आतून त्यावर साल कोरलं.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. जुन्या वाहनांबाबत केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात सांभाळलेली वाहनं 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात, त्यांना 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी येतात. मालट्रक येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. धूर ओकणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या ट्रकनं पुन्हा हायवेवर माल वाहावा, असं मलाही वाटत नाही. तो सुरू होतो, पण आमच्या शेतापुरता. मात्र राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते आणि दुष्काळात धान्य वाहणारा ट्रक फक्त भंगार ठरतो, हे मला पटत नाही.

जतनाची उदाहरणं आपल्या जवळच आहेत. मराठवाडा निझामाच्या राज्यात होता तेव्हा, जून १९३२ मध्ये, निझाम स्टेट रेल्वेनं २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादला जतन केलेली आहे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रणगाडा जपता येतो, बस जपता येते, तर प्रत्येक जिल्ह्यात एखादा मालट्रक जपायला काय हरकत आहे? एखाद्या आयटीआयच्या आवारात तो उभा राहिला, तर मुलांना शिकायलाही मिळेल. रिव्हेट कसा कापायचा, लाकडावर पत्रा कसा बसवायचा, आवाजावरून लोखंड कसं ओळखायचं, हे जाणणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. गाडी एकवेळ भंगारातूनही परत आणता येईल. चाचांच्या हातातली विद्या तशी परत आणता येणार नाही.

तुमच्याकडे असा एखादा जुना सांगाडा असेल, ट्रक असो, ट्रॅक्टर असो की जीप, तर रंगाचा डबा आणण्याआधी हातोडी घ्या आणि तो वाजवून पाहा. जिथे खणखणीत वाजेल ते ठेवा. जिथे बद्द वाजेल ते धीटपणे कापून काढा. आणि हे काम करताना गावातल्या एका जुन्या मिस्त्रीला आणि एका नव्या पोराला सोबत घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)